गडग्यांवर तोललेलं खोरं: दोरोच्या द्राक्षमळ्यांचा वारसा

पोर्तुगालच्या उत्तरेला, दोरो नदीच्या खोऱ्यात, द्राक्षवेलींच्या मधोमध ग्रॅनाइटचा एखादा उभा दगड भेटतो. कधी तो रस्त्याच्या वळणावर असतो, कधी एखाद्या जुन्या घराच्या भिंतीत चिणलेला. त्यावर ठसठशीत अक्षरांत ‘फेइतोरिया’ असं कोरलेलं असतं आणि सोबत सन असतो: १७५७, १७५८ किंवा १७६१. असे एकूण ३३५ दगड रोवले गेले. या दगडांच्या आत पिकलेल्या द्राक्षांचीच वाइन इंग्लंडला जाईल, बाहेरची जाणार नाही, असा त्यांचा अर्थ. शेताच्या हद्दीचा दगड आपल्याला नवा नाही. पण एका पेयाचं नाव राखण्यासाठी अख्ख्या खोऱ्याची हद्द रोवणं ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती.

त्या दगडांच्या आतला डोंगर मात्र माणसांनी हातानं रचलेल्या भिंतींवर तोललेला आहे. हद्दीचा दगड नाव राखतो, भिंत माती राखते. नाव राखण्यासाठी कायदा करता आला. भिंत कोण राखणार, हे अजूनही दरवर्षी नव्यानं ठरतं. दोरोचा वारसा समजून घ्यायचा तर ही दोन्ही कामं वेगवेगळी पाहावी लागतात.

खोरं कुठे आहे

दोरो स्पेनमध्ये उगम पावते आणि सुमारे ९०० किलोमीटर वाहून पोर्तो शहरापाशी अटलांटिक महासागराला मिळते. ‘पोर्ट’ वाइनला नाव मिळालं ते या शहरावरून, पण द्राक्षं तिथे पिकत नाहीत. समुद्रापासून सत्तर-ऐंशी किलोमीटर आत गेलं, मराओ आणि मोंतेमूरो हे डोंगर मागे टाकले, की द्राक्षांचा मुलूख सुरू होतो आणि स्पेनच्या सीमेपर्यंत पसरतो. सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेकडे निघालं की पाऊस कसा कोसाकोसाला आटत जातो, हे आपण पाहतोच. इथेही तेच होतं. प्रदेशाच्या पश्चिम टोकाला वर्षाला ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेला ४०० मिलिमीटरवरच भागवावं लागतं. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, असं तिथले लोक आपल्या हवेबद्दल म्हणतात. १४ जुलै २०२२ रोजी खोऱ्याच्या मधोमध असलेल्या पिन्याओ गावी पारा ४७ अंशांवर गेला होता.

आजच्या हद्दीच्या आतला सगळा प्रदेश सुमारे अडीच लाख हेक्टरांचा आहे. त्यात वेली चाळीस-पंचेचाळीस हजार हेक्टरांवर. उरलेल्यात रान, खडक, ऑलिव्ह, बदाम आणि गावं. मळे धरणारे शेतकरी अठरा-वीस हजारांच्या घरात आणि त्यातल्या बहुतेकांकडे दोन-चार एकरांचेच तुकडे आहेत. पोर्ट म्हटलं की बड्या इंग्रजी नावांच्या कंपन्या डोळ्यांपुढे येतात. खोरं मात्र लहान शेतकऱ्यांचं आहे.

माती केली, मग मळा केला

इथे मुळात माती नव्हती. डोंगर शिस्ट नावाच्या खडकाचे. हा खडक पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतो आणि त्याचे थर बऱ्याच ठिकाणी उभे, तिरके असतात. पहारी, कुदळी आणि सुरुंगाच्या दारूनं तो फोडायचा, मोठे चपटे तुकडे बाजूला काढून भिंत रचायची आणि भिंतीमागे उरलेला चुरा भरायचा. झाली जमीन. उतार असा की शंभर फूट आडवं गेलं तर तीस फूट नि त्याहूनही अधिक चढावं लागतं. अशा ठिकाणी माती पावसागणिक नदीत जाणार हे ठरलेलंच. भिंतीनं ती अडवली.

खडकाच्या या उभ्या थरांनीच वेल जगवली. मुळं त्या फटींतून खोल उतरतात आणि हिवाळ्यात आत मुरलेलं पाणी कडक उन्हाळ्यात वर ओढतात. वरून पाहणाऱ्याला वाटतं, ही वेल नुसत्या दगडांतून उगवली आहे. ते अर्ध्याहून अधिक खरं आहे.

गडगा कसा उभा राहतो

कोकणात ज्याला आपण गडगा म्हणतो, तशीच ही भिंत. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. देशावर उतारावरच्या शेताला ताल घालतात, तिचीही ही बहीणच. पण इथे एकाच डोंगरावर खालपासून वरपर्यंत अशा वीस-वीस, तीस-तीस भिंती एकीवर एक चढलेल्या असतात.

भिंत जवळून पाहिली की तिच्यातली अक्कल दिसू लागते. तोंडाशी मोठे दगड, त्यांचा कल किंचित आत, डोंगराकडे. मागे बारीक दगडांचा भराव. पाऊस पडला की पाणी या भरावातून झिरपतं आणि दगडांच्या सांध्यांतून हळूहळू बाहेर येतं, म्हणून मागे दाब साचत नाही. तिथे सिमेंट थापलं तर पाणी कोंडेल आणि भिंत फुटेल. अधूनमधून एखादा लांब दगड मुद्दाम बाहेर काढलेला असतो आणि असे चार-पाच दगड तिरक्या रांगेत आले की त्यांचा जिना होतो. एका पायरीच्या मळ्यातून वरच्या मळ्यात त्यावरून चढायचं. जुन्या भिंतींना तर आणखी एक नवल आहे. त्यांच्या तोंडावर ओळीनं चौकोनी भोकं ठेवलेली दिसतात. या भोकांत वेली लावत असत. वेल भिंतीतून बाहेर लोंबायची आणि वरची सपाट जागा धान्याला मोकळी राहायची. वीतभर जमिनीचाही हिशेब करणाऱ्या माणसांनी रचलेली ही भिंत आहे.

बांधणारे बरेचसे स्पेनच्या गालिसिया प्रांतातून आलेले मजूर होते. हंगामाला यायचे, खडक फोडायचे, भिंती रचायचे आणि परत जायचे. मळ्यांच्या मालकांची नावं बाटल्यांवर आली. या मजुरांची नावं कुठेच नाहीत. मला विचाराल तर या खोऱ्यातलं सर्वांत मोठं बांधकाम त्यांचंच आहे.

१७५६ साली काय घडलं

१७०३ साली इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात मेथ्युएन करार झाला. पोर्तुगीज वाइनवर इंग्लंडमध्ये फ्रेंच वाइनपेक्षा एक-तृतीयांश कमी जकात बसू लागली आणि बदल्यात इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालची बाजारपेठ मिळाली. दोरोच्या वाइनला एकाएकी मोठं गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक आलं तशी भेसळही आली. फिकट वाइनला गडद रंग यावा म्हणून त्यात एल्डर नावाच्या झुडपाची काळी फळं मिसळली जात. शतकाच्या मध्यापर्यंत नाव बद्दू झालं, भाव कोसळले आणि पोर्तोतले इंग्रज व्यापारी आणि खोऱ्यातले शेतकरी एकमेकांकडे बोट दाखवू लागले.

त्या वेळी पोर्तुगालचा कारभार सेबाश्तियाओ जोझे द कार्व्हाल्यो इ मेलो या मंत्र्याच्या हाती होता. पुढे तो मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून ओळखला गेला. १७५५ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेलं लिस्बन उभारणारा तो हाच. १० सप्टेंबर १७५६ रोजी त्याच्या पुढाकारानं राजाज्ञेनं एक कंपनी स्थापन झाली. दोरोच्या वाइनचा दर्जा ठरवणं, भाव बांधणं आणि हद्द आखणं ही कामं तिच्याकडे दिली. उत्तम वाइन ‘फेइतोरिया’, म्हणजे निर्यातीची. बाकीची देशातच विकायची. मग दगड रोवले गेले: २०१ आधी १७५७-५८ या दोन वर्षांत आणि १३४ नंतर १७६१ मध्ये. एल्डरची झुडपं उपटून टाकण्याचा हुकूम निघाला.

याच १७५६ साली इकडे फोंड्याजवळ मर्दनगडाच्या लढाईत गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय मराठ्यांशी लढताना मारला गेला. वसई जाऊन सतरा वर्षं झाली होती. पूर्वेकडचं साम्राज्य आटत असताना घरच्या डोंगरातलं पीक नीट राखणं लिस्बनला किती गरजेचं वाटत असेल, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या की लक्षात येतं.

कंपनीचं राज्य सुखाचं नव्हतं. पोर्तो शहरात किरकोळ वाइन विकण्याचा मक्ताही तिलाच मिळाला, गुत्तेवाले आणि गरीब लोक भडकले आणि फेब्रुवारी १७५७ मध्ये शहरात दंगल झाली. पोंबालनं ती निष्ठुरपणे चिरडली. अनेकांना फाशी झाली. नावाच्या राखणीची ही किंमतही त्या दगडांच्या हिशेबात धरायला हवी.

हद्द आखलेला हा जगातला पहिलाच वाइनप्रदेश, असं सरसकट सांगतात. ते तितकंसं बरोबर नाही. इटलीत कियांतीची हद्द १७१६ मध्येच जाहीर झाली होती आणि हंगेरीत तोकायच्या मळ्यांचीही आखणी दोरोच्या आधीची आहे. दोरोचं वेगळेपण असं की इथे हद्दीसोबत तपासणी, वर्गवारी आणि अंमलबजावणी करणारी यंत्रणाही उभी राहिली. आज जगभर ‘भौगोलिक मानांकन’ म्हणून जे चालतं, त्याचा सांगाडा इथे दिसतो.

पायांनी तुडवलेला रस

तोडणी सप्टेंबरात सुरू होते. द्राक्षं ‘लागार’ नावाच्या ग्रॅनाइटच्या चौकोनी, उथळ हौदात पडतात आणि माणसं आत उतरतात. मांड्यांपर्यंत द्राक्षांचा चिखल. सुरुवातीचे दोन-एक तास खेळ नसतो: खांद्यावर हात टाकून ओळ धरायची आणि कुणीतरी डावा-उजवा मोजेल त्या तालावर इंच-इंच पुढे सरकायचं. हौदाचा एकही कोपरा सुटता कामा नये. मग ओळ मोडते, अकॉर्डियन वाजू लागतो आणि जो तो आपल्या चालीनं तुडवू लागतो, नाचू लागतो. या रीतीला कारण आहे. पायाखाली सालं पिळून निघतात, रंग उतरतो, पण बिया फुटत नाहीत, त्यामुळे कडवटपणा येत नाही. आता बहुतेक वाइन यंत्रांनी होते. निवडक मळे मात्र आपल्या उत्तम द्राक्षांसाठी अजून पायच वापरतात.

रस आंबू लागतो, साखरेचा दारू होण्याचा प्रवास निम्म्यावर येतो आणि तेवढ्यात त्यात द्राक्षांपासूनच गाळलेलं ७७ टक्के तीव्रतेचं मद्य ओततात. ढोबळ मानानं चार भाग रसाला एक भाग मद्य. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं आणि उरलेली साखर गोडी म्हणून टिकते. पोर्टची गोडी आणि तिची वीस टक्क्यांच्या आसपासची तीव्रता ही अशी येते.

पिंपं, होड्या, रेल्वे

वाइन मुरवण्याच्या वखारी खोऱ्यात नव्हत्या. त्या पोर्तोसमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर, व्हिला नोव्हा द गाया इथे. तिथली दमट, गार हवा पिंपांना मानवते. तिथवर पिंपं न्यायची तर नदीच एक वाट, आणि ती नदी तेव्हा खडकांनी आणि खळाळांनी भरलेली. ‘राबेलो’ नावाच्या सपाट तळाच्या होड्या, मागे लांबलचक सुकाणू आणि ते हाताळायला उंच मचाण. खाली उतरताना प्राण मुठीत. वर परतताना काठावरून बैल लावून ओढायचं.

वालैरा इथला खळाळ सर्वांत वाईट. त्याच्यापुढे होड्या जातच नसत. १७८० ते १७९२ अशी बारा वर्षं खपून तिथला खडक फोडला, तेव्हा पूर्वेकडचा मुलूख उघडला. तरी धार गेली नव्हती. १२ मे १८६१ रोजी जोझेफ जेम्स फॉरेस्टर याची होडी तिथेच उलटली. याच इंग्रजानं नदीचा पहिला बारकाईनं काढलेला नकाशा केला होता. वाइनमध्ये मद्य मिसळण्याला त्यानं १८४४ मध्ये जाहीर विरोध केला होता आणि त्यापायी व्यापाऱ्यांचा रोष ओढवून घेतला होता. ज्या नदीचं वळण नि वळण त्यानं कागदावर उतरवलं, तिनंच त्याला नेलं. त्याच होडीत खोऱ्यातल्या मळेवाल्या दोना आंतोनिया फेरैरा होत्या, त्या वाचल्या. त्यांच्या घेरदार परकरानं त्यांना तरंगत ठेवलं आणि फॉरेस्टर कमरेच्या पैशांच्या पट्ट्यानं बुडाला, अशी आख्यायिका आजही सांगतात.

१८८० मध्ये रेल्वे पिन्याओला पोचली, १८८७ मध्ये सीमेपर्यंत गेली. पिन्याओच्या स्थानकावर १९३७ साली निळ्या-पांढऱ्या फरशांची २४ चित्रं बसवली. गाडीची वाट पाहताना माणसं अजून त्यांत तोडणी पाहतात, पाठीवर करंड्या घेतलेल्या गड्यांची रांग पाहतात, राबेलो पाहतात. पुढे नदीवर धरणं झाली, वालैराचा खळाळही १९७० च्या दशकात पाण्याखाली गेला आणि राबेलो आता गायाच्या काठाला शोभेपुरत्या बांधलेल्या असतात.

भुरी आली, मग मुळांतला किडा

१८५० च्या दशकात वेलींवर भुरी आली. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला भुरी म्हणजे काय हे सांगायला नको; गंधकानं ती आटोक्यात आली. पण १८६० च्या दशकात अमेरिकेहून फिलॉक्सेरा आला. माव्याच्या जातीचा हा बारीक किडा मुळांतला रस शोषतो. पानावर औषध मारून उपयोग नाही. दोन दशकांत खोऱ्यातले मळेच्या मळे वाळले.

उपाय सापडला तो अमेरिकन वेलीतच. तिच्या मुळांना किड्याची सवय होती, म्हणून खुंट अमेरिकन आणि वर कलम आपल्या जातीचं. आपल्याकडेही डॉगरिजच्या खुंटावर द्राक्ष बांधतात, तीही अमेरिकन जातच. आपलं कारण क्षार आणि दुष्काळ, त्यांचं कारण हा किडा.

पण प्रत्येक भिंतीमागे पुन्हा वेल आली नाही. पुन्हा लागवड करायला पैसा हवा होता, तो सगळ्यांकडे नव्हता. हजारो पायऱ्या तशाच सोडल्या गेल्या. तिथे ऑलिव्ह लावले, काही ठिकाणी नुसतं झुडूप माजलं. या सोडलेल्या मळ्यांना पोर्तुगीजमध्ये ‘मोर्तोरियो’ म्हणतात, म्हणजे मेलेल्या जागा. भिंती मात्र उभ्या आहेत. नव्यानं लावलेल्या मळ्यांत पायऱ्या रुंद झाल्या, एकेकीवर वेलींच्या तीन-चार ओळी आल्या. त्यामुळे आज एकाच डोंगराकडे पाहिलं की त्याचं वय वाचता येतं: एका ओळीची अरुंद पायरी किड्याच्या आधीची, रुंद पायरी नंतरची.

त्या वाईट वर्षांत दोना आंतोनियांनी जमिनी घेतल्या, मळे उभारले, भिंती बांधायला माणसं लावली. तेहतिसाव्या वर्षी विधवा झालेली ही बाई १८९६ मध्ये वारली तेव्हा खोऱ्यातली सर्वांत मोठी जमीनदार होती. तिथले लोक अजून तिचं नाव आपुलकीनं घेतात. भुकेच्या दिवसांत तिनं काम दिलं, ही आठवण त्यामागे आहे.

मळ्याला गुण देण्याची पद्धत

दोरोतल्या प्रत्येक द्राक्षाची पोर्ट होत नाही. १९४० च्या दशकात तिथे मळ्यांना गुण देण्याची पद्धत बसली. जागा, उंची, उतार, दिशा, आडोसा, जमिनीचा प्रकार, दगडाचं प्रमाण, वेलींची जात, त्यांचं वय, दोन वेलींतलं अंतर, उत्पन्न, सगळ्याचे गुण. पीक जितकं कमी तितके गुण जास्त. बेरीज १,२०० च्या वर गेली तर मळा ‘अ’ वर्गात, मग ‘ब’, ‘क’ असं खाली. वर्गानुसार दर हंगामात प्रत्येक मळ्याला किती रसाची पोर्ट करता येईल, तो वाटा मिळतो. या वाट्यातल्या द्राक्षांना भाव बरा, बाहेरच्यांना बराच कमी.

हा एकूण वाटा पिंपांत जाहीर होतो. एक पिंप ५५० लिटरचं. २०२३ मध्ये तो १,०४,००० पिंपं होता, २०२४ मध्ये ९०,००० आणि २०२५ मध्ये ७५,०००. जगात गोड, तीव्र वाइन कमी खपू लागली, त्याचा हा थेट परिणाम. शेतकऱ्यांनी रस्त्यावर उतरून निषेध केला. दोन एकरवाल्याच्या घरात याचा अर्थ सरळ आहे: भावाची द्राक्षं घटली, खर्च तोच राहिला.

आणि इतक्या बारकाईनं आखलेल्या या गुणपत्रिकेत भिंतीचा रकाना नाही. दगडी भिंतीवर तोललेल्या पायरीला आणि यंत्रानं कापलेल्या उताराला जागा, उंची आणि जात सारखी असेल तर गुणही सारखेच. माझ्या मते या खोऱ्याच्या व्यवस्थेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

जागतिक वारसा म्हणजे काय राखलं

डिसेंबर २००१ मध्ये युनेस्कोनं ‘आल्तो दोरो’ला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. सगळा प्रदेश नाही. सुमारे २४,६०० हेक्टर, म्हणजे हद्दीतला दहावा हिस्सा, तेरा नगरपालिकांत पसरलेला. वर्गवारी होती जिवंत, बदलत जाणाऱ्या सांस्कृतिक भूदृश्याची. यातला ‘जिवंत’ हा शब्द फार मोलाचा आहे. किल्ला राखायचा तर त्याला हात न लावणं हेच काम. मळा राखायचा तर त्यात दरवर्षी हात घालावाच लागतो. छाटणी थांबली, भिंत सावरणं थांबलं, की दहा वर्षांत वारसा झुडपांत बुडतो.

बदल कसा करायचा, यावरच सगळी ओढाताण आहे. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जावर नवी लागवड झाली. बुलडोझरनं डोंगर कापून मातीच्या तिरक्या कडांच्या पायऱ्या केल्या. भिंत नाही, म्हणून खर्च कमी आणि ट्रॅक्टर आत जातो. कुठे वेली उतारावर सरळ वरून खाली लावल्या. त्यानं काम सोपं झालं, पण जोरदार पाऊस आला की उघड्या कडा ओघळतात आणि दुरून पाहिलं की डोंगराची ती बारीक, हातानं विणल्यासारखी वीण तिथे तुटलेली दिसते. वारशाच्या हद्दीत आता जुन्या भिंती परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. मनाई आहे ती पाडायला. पडलेली उभारायची की नाही, हे शेतकऱ्याच्या खिशावर.

हे नियम सरकारला कितपत अडवतात, ते तुआ नदीच्या धरणावरून दिसलं. दोरोला मिळणाऱ्या या उपनदीवर, संगमाजवळ, वारशाच्या क्षेत्राला लागून धरण बांधायचं ठरलं आणि मोठा वाद पेटला. युनेस्कोनं काम धिमं करायला सांगितलं. वास्तुकार एदुआर्दो सोतो द मोरा यांना बोलावून वीजगृह जमिनीत दडवलं. धरण झालंच आणि तुआच्या काठानं जाणाऱ्या जुन्या अरुंद रेल्वेचा काही भाग पाण्याखाली गेला. त्याउलट थोडं वर, कोआ नदीच्या खोऱ्यात, १९९० च्या दशकात खडकांवर हजारो वर्षांपूर्वीची कोरीव चित्रं उजेडात आली तेव्हा धरणाचं चालू काम थांबवलं गेलं आणि १९९८ मध्ये ती चित्रंच जागतिक वारसा झाली. खडकावरच्या चित्रांतल्या रानबैलांना जेवढं अभय मिळालं, तेवढं मळ्यांच्या खोऱ्याला मिळालं नाही.

गोवा आणि नाशिक

गोव्यात ‘पोर्ट वाइन’ म्हणून एक गोड लाल वाइन वर्षानुवर्षं विकली जाते. द्राक्षं घाटावरून येतात. चार-साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलाची ही आठवण घराघरांत जपलेली आहे. दोरोच्या ३३५ दगडांशी तिचा संबंध नावापुरता. युरोपात हे नाव दोरोच्या आजच्या हद्दीबाहेरच्या कोणत्याही वाइनला लावता येत नाही.

नाशिकच्या द्राक्षांना आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळून बरीच वर्षं झाली. आपला भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ चा, अमलात आला २००३ मध्ये. तो नाव राखतो. डोंगर, ओढा, बांध, मळ्यातलं जुनं घर, गावाकडून बागेकडे जाणारी वाट यांना त्याचा काही आधार नाही. नाशिकची बाग तशी तरुण आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशी वर्षातून दोनदा काडी घेणारी. दोरोची वेल हिवाळ्यात झोपते, तिची छाटणी एकदाच. तरी दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याला दोरोतली गुणपत्रिका आणि वाट्याचा वाद ऐकवला तर पुढचं त्याला समजावून सांगावं लागणार नाही.

भिंत कोण बांधणार

डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दोरोत छाटणी चालते. वेली उघड्या होतात आणि भिंती दिसू लागतात. याच दिवसांत पाऊस असतो आणि याच दिवसांत भिंती पडतात. पडणारी भिंत आधी सांगते: मधोमध तिला पोट सुटतं, एखादा दगड बाहेर सरकतो, सांध्यांतून पाण्याऐवजी माती येऊ लागते. जाणता माणूस चालता चालता हे हेरतो. पोट सुटलेला भाग वरून खाली उतरवायचा, मागचा गाळ खणून काढायचा, बारीक दगडांचा भराव नव्यानं भरायचा आणि तेच दगड पुन्हा रचायचे. नवा दगड सहसा लागत नाही. लागतो तो वेळ: दोन माणसं दिवसभर खपली तरी भिंत थोडीच पुढे सरकते.

असे हात आता कमी आहेत. तरुण पोर्तोला, लिस्बनला, देशाबाहेर गेले. १९८६ पर्यंत पोर्ट फक्त गायाच्या वखारींतूनच निर्यात करता येई. ती अट गेल्यावर लहान मळेवाले स्वतःच्या नावानं बाटली भरू लागले. काहींनी साधी, गोड नसलेली लाल वाइनही काढली आणि ती नावाजली गेली. काहींनी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. ज्या मळ्याची बाटली स्वतःच्या भावानं विकली जाते, त्याची भिंत बहुधा सरळ उभी दिसते. जो नुसती द्राक्षं वजनावर घालतो, त्याच्याकडे पोट सुटलेली भिंत पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबते आणि कधी कधी थांबत नाही. मग पहाटे घरातल्यांना दगड कोसळल्याचा आवाज येतो, आणि उजाडल्यावर तीन ओळी वेली खालच्या पायरीवर आडव्या पडलेल्या असतात, मुळांना अजून माती धरून.